पोकरची पुस्तकं घेताना आधी आपलं टेबल बघा, यादी नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक रोडला दर शनिवारी पाच-सहा मित्र जमता आणि पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर नो-लिमिट टेक्सस होल्डेम खेळता, म्हणजे पोकरचा तो प्रकार ज्यात प्रत्येकाला दोन पत्ते, मधे पाच सामाईक आणि बेटला कमाल मर्यादा नाही. डिसेंबरात गोव्याला जायचंय आणि तिथल्या कसिनोत पहिल्यांदाच खऱ्या टेबलावर बसायचंय. पुस्तकांसाठी ३००० रुपये बाजूला ठेवलेत. पण नेटवरच्या याद्यांमध्ये चाळीसेक नावं निघाली आणि त्यातली निम्मी एकमेकांना खोडून काढतात. मग नेमकी कुठली घ्यायची, आणि वाचायची कशी?

नावं सांगतोच, पण याद्यांमुळे तुमचा गोंधळ का झाला ते आधी सांगतो. त्या याद्यांत १९७९ चं पुस्तक आणि २०१९ चं पुस्तक शेजारी बसलेलं असतं. कॅश गेमचं, टूर्नामेंटचं, मानसिक तयारीचं, निव्वळ गणिताचं, आणि पोकरवर लिहिलेलं पण पोकर न शिकवणारं, सगळं एकाच ओळीत. 'चांगलं पुस्तक कोणतं' असं विचारलं की सगळीच चांगली. 'माझ्या टेबलावर मी जे निर्णय वारंवार चुकवतो ते कोणत्या पुस्तकात आहेत' असं विचारलं, तर चाळीसातली तीन-चार उरतात. ३००० रुपयांत तेवढंच बसतं, कारण आयात केलेलं एकेक छापील पुस्तक बजेटचा मोठा घास घेतं.

माझी बाजूही सांगून टाकतो. मी अंबडला नोकरी करतो, पोकर माझा धंदा नाही. बरीच वर्षं रात्री जेवण झाल्यावर छोट्या रकमेच्या ऑनलाइन टूर्नामेंट खेळलो, गोव्यात कॅश टेबलावर बसलो. इंदिरानगरात आमचा एक ग्रुप आहे. आम्ही एक पुस्तक घेतो, आठवड्याला एक प्रकरण वाचतो आणि समोर पत्ते मांडून भांडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हापासून ऑनलाइनचा भाग संपला. ग्रुप मात्र चालू आहे, बिनपैशांचा. म्हणजे पुढचं सगळं हौशी खेळाडूने हौशी खेळाडूला सांगितलेलं आहे. यातून पोट भरायचा विचार असेल तर माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

आता कशावर काय अवलंबून आहे ते बघू. पहिली गोष्ट, तुम्ही कॅश खेळता की टूर्नामेंट? तुम्हाला वाटत असेल की शनिवारचा डाव आणि गोव्याचा डाव एकच. तसं नसतं. शनिवारी तुम्ही बहुधा सगळ्यांना सारख्या चिप्स वाटता, ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच दोघांनी भरायची ठरलेली रक्कम, त्यातली मोठी ती बिग ब्लाइंड) वाढवत नेता आणि एकाकडे सगळ्या चिप्स गेल्या की डाव संपतो. ही टूर्नामेंट झाली. गोव्यात कॅश टेबलावर ब्लाइंड वाढत नाही, चिप म्हणजे तेवढेच रुपये, हरलात तर पुन्हा घ्या, वाटेल तेव्हा उठा. टूर्नामेंटच्या उत्तरार्धात तुमच्याकडे दहा-पंधरा बिग ब्लाइंड उरलेले असतात आणि निर्णय 'ऑल-इन की फोल्ड', म्हणजे सगळ्या चिप्स लावायच्या की पत्ते टाकायचे, एवढाच राहतो. कॅशमध्ये शंभर बिग ब्लाइंड घेऊन बसलात की फ्लॉप (पहिले तीन सामाईक पत्ते), टर्न (चौथा), रिव्हर (पाचवा) असे तिन्ही ठिकाणी पैसे जातात आणि खरी चूक शेवटच्या दोन ठिकाणी होते. एकाचं पुस्तक वाचून दुसऱ्याला बसलात तर चांगला सल्लाही अंगाशी येतो.

डॅन हॅरिंग्टनचं उदाहरण घ्या, तुमच्या प्रत्येक यादीत ते असणारच. 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम'चे तीन भाग २००४ ते २००६ या काळात आले, सहलेखक बिल रॉबर्टी. हॅरिंग्टन स्वतः १९९५ चा जागतिक विजेता. वेळही नेमकी होती. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे प्रवेश मिळवून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून, वर्ल्ड सीरिज या पोकरच्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्यानंतर जगभर लोक पोकरकडे धावले आणि त्यांच्या हातात ही पुस्तकं पडली. त्यातला 'एम' तुम्ही ऐकला असेल: आपला स्टॅक (आपल्याकडच्या एकूण चिप्स) भागिले एका फेरीचा खर्च, म्हणजे दोन्ही ब्लाइंड आणि अँटी (ब्लाइंडशिवाय दर हाताला भरायची रक्कम) मिळून. वीसच्या वर निवांत, दहाच्या खाली घाई, पाचला आणीबाणी.

हा विचार आजही पक्का आहे, पण आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमच्याकडे ४००० चिप्स आहेत आणि ब्लाइंड २००-४००, तर एम साधारण पावणेसात. आता त्यात आजच्या पद्धतीप्रमाणे बिग ब्लाइंडने ४०० ची अँटी भरायची असेल तर फेरीचा खर्च १०००, म्हणजे एम सरळ ४. 'माझ्याकडे दहा बिग ब्लाइंड आहेत' हे वाक्य दोन्हीकडे तेच, पण दुसऱ्या टेबलावर तुम्ही कितीतरी जास्त घाईत आहात. हॅरिंग्टनच्या रेजचे, म्हणजे वाढवलेल्या बेटचे, आकारही आज मोठे वाटतात. तो बिग ब्लाइंडच्या तीन-चार पट रेज करायला सांगतो, आता टूर्नामेंटमध्ये लोक दोन-सव्वादोन पटीवर आलेत. २०१४ मध्ये त्याने आधुनिक टूर्नामेंटवर वेगळं पुस्तक लिहिलं, यातच काय ते आलं. तरीही पहिला भाग मी आमच्या ग्रुपमधल्या नवख्यांना देतो. त्यातले सोडवून दाखवलेले हात हे त्याचं कारण. प्रत्येक हातात आधी टेबल, कोण कसा खेळतोय, कोणाकडे किती चिप्स, मग प्रश्न, मग उत्तर, अशी शिस्त त्या काळात दुसऱ्या कोणी इतकी पाळली नव्हती.

यावरून वयाबद्दलचा माझा नियम सांगतो. पोकरच्या ज्ञानाचे तीन थर आहेत आणि ते वेगवेगळ्या वेगाने शिळे होतात. पॉटचं, म्हणजे मधे जमलेल्या पैशांचं, गणित शिळं होत नाही. माणसाचा स्वभाव हळूहळू शिळा होतो. आणि 'या जागेवरून कोणते हात खेळावेत, किती बेट करावी' हा थर सगळ्यात लवकर नासतो. २०१५ च्या सुमारास पायोसॉल्व्हरसारखी सॉफ्टवेअर, म्हणजे जवळजवळ अचूक चाल काढून देणारे 'सॉल्व्हर', सामान्य खेळाडूच्या लॅपटॉपवर आली आणि या तिसऱ्या थरातलं बरंच काही नव्याने लिहावं लागलं. त्याच वर्षी अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांमधलं लिमिट (ठरलेल्या रकमेच्याच बेटचं) होल्डेम व्यवहारात सुटल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या नो-लिमिटमध्ये व्यावसायिकांना हरवलं. म्हणून २०१० च्या आधीचं पुस्तक हातात आलं तर सुरुवातीच्या हातांचे तक्ते सरळ उलटून पुढे जा, तर्क मात्र वाचा.

या चाळणीतून जुनी दोन मोठी नावं काढू. डॉयल ब्रन्सनचं 'सुपर सिस्टम' आलं तेव्हा, म्हणजे १९७० च्या दशकाच्या शेवटी, कोणी असली गुपितं छापत नव्हतं. ब्रन्सन १९७६ आणि १९७७ असे सलग दोन वर्षं जागतिक विजेता. पण पुस्तक उघडून बघा. ड्रॉ, सेव्हन कार्ड स्टड, लोबॉल, हाय-लो स्प्लिट, लिमिट होल्डेम, आणि मग कुठे नो-लिमिट. प्रत्येक खेळ वेगळ्या तज्ज्ञाने लिहिलेला. जाडजूड पुस्तकातला तुमच्या कामाचा एकच विभाग, आणि तोही जन्मभर त्या टेबलांवर बसलेल्या माणसाच्या आक्रमकतेचा. नवख्याने ती आक्रमकता उचलली तर चिप्स वाटत सुटतो. रविवारी दुपारी लोळत वाचायला झकास, पण तुमच्या ३००० मधून नको.

डेव्हिड स्क्लान्स्कीचं 'द थिअरी ऑफ पोकर' वेगळं. १९८७ चं हे पुस्तक आणि त्यातली बरीच उदाहरणं लिमिटची, स्टडची, रॅझची. वाचताना तुम्हाला वाटेल, हे मी खेळतच नाही. पण सेमी-ब्लफ, म्हणजे आत्ता मागे असलेला पण पुढच्या पत्त्याने पुढे जाऊ शकणारा हात घेऊन बेट करणं, ही कल्पना त्याने जितकी स्वच्छ मांडली तितकी नंतरच्यांना जमली नाही. त्याचं मूळ सूत्रही तसंच: समोरच्याचे पत्ते दिसत असते तर तुम्ही जे केलं असतं त्यापेक्षा वेगळं केलंत की त्याचा फायदा, आणि त्याने तसं केलं की तुमचा. हे पुस्तक मी घ्या म्हणतो, पण दुसरं म्हणून. आधी हातात एखादा हंगाम तरी खेळ असावा, नाहीतर ते कोरडं वाटतं.

आता पहिलं कोणतं? इथे तुमच्या समोर कोण बसतं हे आलं, आणि मला वाटतं उत्तराचा अर्धा भाग इथेच आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक पोकरकडे तीन पत्तीतून येतात. दिवाळीच्या रात्री ब्लाइंड आणि चालीत वाढलेली मंडळी. तीन पत्तीत शेवटी दोघं उरले की चार चिप्स जास्त टाकून शो मागायची सवय अंगात भिनलेली असते. समोरच्याकडे काय होतं हे बघायची ती उत्सुकता पोकरमध्येही तशीच येते. परिणाम असा की सहापैकी पाच जण फ्लॉप बघतात, मधली जोडी घेऊन रिव्हरपर्यंत येतात आणि 'बघू तरी' म्हणत कॉल करतात, म्हणजे समोरच्याच्या बेटइतकेच टाकतात. गोव्यातही छोट्या टेबलांवर सुट्टीला आलेला पर्यटक असाच खेळतो.

अशा टेबलावर ब्लफवरची प्रकरणं जवळजवळ निरुपयोगी. कॉल करायलाच बसलेल्या माणसाला घाबरवून फोल्ड करायला लावणारा सल्ला, कितीही हुशार असला तरी, चुकीच्या गिऱ्हाईकाला विकलेला माल आहे. तुम्हाला हवंय ते असं पुस्तक जे सांगेल: सुरुवातीला कमी हात घ्या, चांगला हात असला की मोठी बेट करा, आणि गरीब स्वभावाच्या माणसाने रिव्हरवर अचानक मोठी रेज केली की तुमची जोडी टाकून द्या. एड मिलरचं २०१५ चं 'द कोर्स' नेमकं हेच करतं. ते अमेरिकेतल्या कसिनोंच्या छोट्या-मध्यम कॅश टेबलांसाठी लिहिलंय, एक-दोन आणि दोन-पाच डॉलरच्या ब्लाइंडचं. पण तिथला हौशी आणि आपला हौशी यांच्या चुका एकाच घराण्यातल्या. कौशल्यं क्रमाने लावलेली आहेत, आणि समोरच्याला उगाच पैसे देऊ नका हा धडा अगदी सुरुवातीला येतो. तुमच्या परिस्थितीत पहिलं पुस्तक हे.

पण माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका, तपासून घ्या. ऑनलाइन दुकानात नमुना पानं असतात, त्यात सोडवलेला एक हात शोधा. त्यात या गोष्टी लिहिलेल्या आहेत का बघा: ब्लाइंड किती, कोणाचा स्टॅक किती, तुम्ही कोणत्या जागेवर, आधी काय-काय झालं, आणि समोरच्याकडे काय-काय असू शकतं याची यादी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. 'मला वाटलं त्याच्याकडे एक्का-राणी आहे, म्हणून मी फोल्ड केलं' असं एकाच हातावर बोट ठेवणारं पुस्तक असेल तर ती आठवणींची वही आहे. विजेत्यांची बरीच पुस्तकं अशीच निघतात. वाचायला मजा येते, पण तो तर्क तुमच्या हाताला लावता येत नाही. चांगला लेखक हातांचा एक समूह धरतो, प्रत्येक बेटसरशी त्यातले हात गळत जातात हे दाखवतो आणि उरलेल्यांवर निर्णय घेतो.

दुसरी तपासणी गणिताची. आमच्या ग्रुपमध्ये एक हात नेहमी मांडतो. तुमच्याकडे बदामचा राजा आणि बदामची सत्ती. फ्लॉपवर बदाम नव्वी, बदाम दुर्री, किलवर एक्का. पॉटमध्ये ६००. समोरचा ३०० ची बेट करतो, आणि त्याच्याकडे एक्का आहे असं समजा. कॉल करायचा का? ३०० घालून ९०० जिंकायचेत, म्हणजे कॉल केल्यावरच्या १२०० पैकी ३०० तुमचे, तर किमान २५ टक्के वेळा जिंकायला हवं. पाचवं बदाम आलं की फ्लश होऊन तुम्ही पुढे. न दिसलेले पत्ते ४७, त्यात बदाम नऊ. टर्नवर बदाम यायची शक्यता ९ भागिले ४७, साधारण १९ टक्के. टर्न आणि रिव्हर दोन्ही धरले तर ३५.

इथे टेबलावर दरवेळी कोणीतरी म्हणतं, '३५ म्हणजे २५ पेक्षा जास्त, कॉल!' पण ३०० मध्ये तुम्ही फक्त टर्नचा पत्ता विकत घेतलाय. रिव्हरसाठी तो पुन्हा बेट करणार आणि पुन्हा किंमत मागणार. ३५ चा आकडा फक्त ऑल-इन झाल्यावर खरा. म्हणजे १९ विरुद्ध २५, निव्वळ गणिताने फोल्ड. मात्र गोष्ट इथे संपत नाही. १९ टक्क्यांत ३०० चा खर्च वसूल व्हायचा तर बदाम आल्यावर एकूण साधारण १२६७ मिळायला हवेत. ९०० समोर आहेत, उरले ३६७. बदाम पडल्यावर हा माणूस आणखी पावणेचारशे देईल का? एक्का घेऊन 'बघू तरी' म्हणणारा असेल तर आनंदाने देईल, आणि कॉल बरोबर. तिसरं बदाम दिसताच हात आवरणारा असेल, किंवा त्याच्याकडे पुढे लावायला चिप्सच उरल्या नसतील, तर फोल्ड. तेच पत्ते, तीच बेट, दोन टेबलांवर दोन उत्तरं. पुस्तकाने टर्नची किंमत आणि दोन पत्त्यांची किंमत वेगळी केली नसेल, तर ते बंद करा.

आता सॉल्व्हरची पुस्तकं, कारण याद्यांच्या वरच्या टोकाला हल्ली तीच असतात. मायकेल अ‍ॅसेव्हेडोचं 'मॉडर्न पोकर थिअरी' २०१९ चं. तक्त्यांमागून तक्ते, आणि काम खरंच दर्जेदार. मॅथ्यू जांडाची पुस्तकंही गंभीर माणसाने वाचावीत अशीच. पण ती समोरचाही जवळजवळ अचूक खेळतोय असं धरून चालतात. तुमच्या शनिवारच्या टेबलावर तसं कोणी नाही. तरीही नवीन मुलं आधी तेच घेतात, पहिल्या शंभर पानांतले तक्ते घोकतात आणि समोरच्याने तक्त्याबाहेरची चाल केली की गडबडतात. 'एकवीस अपेक्षित' पाठ करून बोर्डाला बसण्यासारखंच ते. छापील पुस्तक न घेता ई-पुस्तक घेणार असाल तर आणखी एक अडचण: हे तक्ते रंगीत असतात आणि काळ्या-पांढऱ्या रीडरवर कॉल कुठे आणि रेज कुठे ते कळतच नाही.

मात्र त्यामागची मूळ कल्पना तुम्ही आजच, पैसे न घालता शिकू शकता. बिल चेन आणि जेरॉड अँकनमन यांच्या २००६ च्या 'द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर'मध्ये तीन पत्त्यांच्या एका छोट्या खेळाचं विश्लेषण आहे. पुस्तक अवघड आहे, पण खेळ स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो. एक एक्का, एक राजा, एक राणी. दोघांना एकेक पत्ता, तिसरा उलटा. प्रत्येकाने १०० टाकले, पॉट २००. पहिल्याने न बघता चेक म्हणायचं, म्हणजे बेट न लावता पाळी पुढे द्यायची. दुसऱ्याने चेक करायचं किंवा १०० ची बेट करायची. बेट आली तर पहिल्याने कॉल किंवा फोल्ड. मोठा पत्ता जिंकला.

तुम्ही दुसरे आहात असं समजा. एक्का आला तर बेट करणारच. राजा आला तर बेट करण्यात अर्थ नाही, कारण राणीवाला पळेल आणि एक्केवालाच कॉल करेल. खरा प्रश्न राणीचा. राणी घेऊन कधीच ब्लफ केला नाही, तर समोरचा राजावाला तुमच्या प्रत्येक बेटला फोल्ड करेल आणि तुमचा एक्का फुकट जाईल. दरवेळी ब्लफ केला, तर तो दरवेळी कॉल करेल, कारण १०० घालून ३०० मिळवायला त्याला चारात एकदा बरोबर ठरलं तरी पुरतं आणि तो तर दोनात एकदा बरोबर आहे. मधला तोल निघतो तो असा: राणी घेऊन तीनात एकदा ब्लफ करा. मग तुमच्या बेटमध्ये तीन एक्क्यांमागे एक राणी येते आणि राजावाल्याला कॉल काय, फोल्ड काय, सारखंच. त्याच्या बाजूनेही उत्तर योगायोगाने तेच, राजा घेऊन तीनात एकदा कॉल. तीनात एकदा कसं ठरवायचं? घड्याळ बघा, सेकंदकाटा पहिल्या वीसात असेल तर ब्लफ.

तासभर खेळा. मग एक बदल करा: समोरच्याला सांगून ठेवा की राजा आला की नेहमी कॉल करायचा, तीन पत्तीवाल्या काकांसारखा. तुमचा राणीचा ब्लफ लगेच तोट्यात जातो आणि एक्का जास्त कमावतो. म्हणजे तोलातून कधी मुद्दाम हलायचं हेही त्याच खेळात कळतं. हे इतकं पटलं आणि आणखी हवंसं वाटलं, तर अँड्र्यू ब्रोकोसचं २०१९ चं 'प्ले ऑप्टिमल पोकर' घ्या. ते असल्याच छोट्या खेळांपासून सुरू होऊन खऱ्या होल्डेमपर्यंत चढत जातं आणि आकडेमोड कॉमर्सच्या मुलालाही झेपेल अशी आहे.

मनाच्या पुस्तकांबद्दल. जारेड टेंडलरचं 'द मेंटल गेम ऑफ पोकर', २०११, हे एकच मी आग्रहाने सांगेन, पण सगळ्यांना नाही. तो टिल्टचे, म्हणजे रागात भान सुटून खेळण्याचे, प्रकार पाडतो: अन्याय झाला म्हणून, सूड म्हणून, हरणंच सहन होत नाही म्हणून, स्वतःच्या चुकीचा राग म्हणून. प्रत्येकाचं औषध वेगळं. तुमचा राग नेमका कुठला ते ओळखलंत की पुस्तक निम्मं वसूल. शनिवारी बिनपैशांच्या डावात तुम्हाला टिल्ट फारसा जाणवणार नाही, म्हणून ते आत्ताच घेऊ नका. अ‍ॅनी ड्यूक आणि मारिया कोन्निकोवा यांची गाजलेली पुस्तकंही याद्यांत असतात. चांगली आहेत, निर्णय आणि निकाल वेगळे ठेवायला शिकवतात, पण त्यातून राजा-सत्तीचं काय करायचं ते कळणार नाही.

चेहरे वाचायची पुस्तकं, माइक कॅरोचं १९८४ चं फोटोंसह असलेलं सगळ्यात प्रसिद्ध, त्यांचा मोह पहिल्यांदा कसिनोत जाणाऱ्याला हमखास होतो. 'कमकुवत दाखवतो तो बलवान असतो' हे त्याचं सूत्र हौशी माणसावर बऱ्याचदा चालतंही. पण पहिल्या रात्री तुम्हाला डीलरचा वेग, चिप्सचे रंग, आपली पाळी, पॉटचा हिशेब यातूनच फुरसत मिळणार नाही. त्यापेक्षा कोण किती हात खेळतो एवढंच मोजा, ती माहिती जास्त भरवशाची.

गोव्याबद्दल पुस्तकांत न सापडणारी एक गोष्ट: रेक. कसिनो जवळजवळ प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा कापतं, बहुधा टक्क्यांत आणि एका मर्यादेपर्यंत. बसायच्या आधी फ्लोअरवरच्या माणसाला टक्का आणि मर्यादा दोन्ही विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. छोटे पॉट वारंवार जिंकायचे तर हा हिस्सा चांगलाच टोचतो. त्यामुळे परदेशी पुस्तकात 'थोडाफार नफा' असलेले सीमेवरचे कॉल इथे तोट्यात जाऊ शकतात. ज्या हाताबद्दल तुम्ही आणि पुस्तक दोघंही साशंक आहात तो टाकून द्या. आणि जेवढी रक्कम गेली तरी घरी बोलायला अडचण नाही तेवढीच खिशात ठेवा.

वाचायचं कसं हेही विचारलंय. एका वेळी एकच पुस्तक, आणि प्रकरण संपलं की शनिवारी फक्त त्याच गोष्टीकडे लक्ष. सुरुवातीच्या हातांचं प्रकरण वाचलंत तर त्या रात्री बाकी काही सुधारायला जाऊ नका. शेजारी छोटी वही ठेवा. प्रत्येक डावातला एकच हात, जो खुपला तो, पूर्ण लिहा: जागा, स्टॅक, बेट, समोरच्याचे संभाव्य हात. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफच्या नादी लागू नका. कायद्याचं तर आहेच, पण स्कॅनमध्ये पत्त्यांची चिन्हं पुसलेली असतात आणि बदाम की चौकट हेच कळत नाही.

म्हणजे आत्ता मिलर, डिसेंबरच्या आधी जमलं तर स्क्लान्स्की, आणि उरलेले पैसे तसेच राहू द्या. गोव्याहून आलात की वही काढा. खुपलेले हात बहुतेक टर्न आणि रिव्हरवरचे असतील, समोरचे खेळाडू तुमच्यापेक्षा सावध वाटले असतील, तर ब्रोकोस घ्या. हरल्यावर लगेच दुप्पट लावलेलं दोन-तीनदा दिसलं तर टेंडलर. आणि गोवा आवडलंच नाही, शनिवारचा डावच बरा वाटला, तर हॅरिंग्टनचा पहिला भाग घ्या, कारण तुमचा शनिवार ही टूर्नामेंट आहे.